शार्दोने (ओक पिंपात मुरविलेली वाइन)

शार्दोने : फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रांतात उदयास आलेली पांढऱ्या द्राक्षाची एक जात व तिच्या रसाच्या किण्वनाने तयार होणारी बिनगोड पांढरी वाइन. दक्षिण बर्गंडीतील माकाँनजीक शार्दोने याच नावाचे एक लहानसे खेडे आहे. मस्कत या द्राक्षाला स्वतःचा उग्र सुगंध असतो, तो वाइनमध्येही जसाच्या तसा उतरतो. शार्दोनेचे तसे नाही. वेलीवरचे पिकलेले फळ चाखले असता गोडी, आंबटपणा व सफरचंदाची आठवण करून देणारा सौम्य स्वाद याखेरीज फारसे काही जाणवत नाही. तथापि त्याच फळापासून बनविलेल्या उत्तम प्रतीच्या वाइनचे वर्णन करताना लोणी, भाजलेले हेझलनट, व्हॅनिला, मध, लवंग, धूर अशी नावे घेतली जातात. यांपैकी बहुतेक गुण फळातून आलेले नसून यीस्ट, जंतू व ओक वृक्षाचे लाकूड यांच्याकडून आलेले असतात. त्यामुळे या वाइनचा इतिहास हा जितका एका द्राक्षाचा तितकाच एका भांड्याचाही इतिहास आहे, आणि तिच्या स्वादाचे श्रेय जमिनीचे की तळघराचे हा वाद त्या इतिहासात पुनःपुन्हा उद्‌भवलेला दिसतो.

या द्राक्षाच्या कुळाविषयी दीर्घकाळ तर्कच चालू होते. पानांच्या सारखेपणामुळे ते पीनो ब्लाँ या जातीचाच एक प्रकार समजले जाई. कॅलिफोर्नियात तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बाटल्यांवर ‘पीनो शार्दोने’ असे नाव छापले जात असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील व फ्रान्समधील माँपेल्ये येथील संशोधकांनी डीएनएच्या तुलनेवरून १९९९ मध्ये याचा निकाल लावला. बर्गंडीचे मानाचे द्राक्ष पीनो आणि ग्वे ब्लाँ नावाचे एक हलक्या प्रतीचे द्राक्ष यांच्या नैसर्गिक संकरातून शार्दोने जन्मले, असे त्यांना आढळून आले. ग्वे ब्लाँ हे गरीब शेतकऱ्यांचे, भरघोस पिकणारे पण बेचव फळ. त्याची लागवड बंद करण्याचे हुकूम मध्ययुगापासून अनेकदा निघाले होते. याच जोडीची आणखी काही अपत्ये त्या संशोधनात उजेडात आली. त्यांत गामे हे काळे द्राक्ष होते. बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने १३९५ मध्ये गामेला निकृष्ट ठरवून त्याच्या वेली उपटून टाकण्याची आज्ञा केली होती. म्हणजे प्रांताची कीर्ती वाढविणारे द्राक्ष आणि प्रांतातून हद्दपार केलेले द्राक्ष ही सख्खी भावंडे ठरली.

लाकडी पिंपाचा वाइनशी संबंध प्रथम जुळला तो स्वादासाठी नव्हे, वाहतुकीसाठी. ग्रीक व रोमन लोक वाइन मातीच्या दोन कानांच्या कुंभांत साठवीत. हे कुंभ जड असत व सहज फुटत. आल्प्स पर्वताच्या आसपासचे लोक कड्यांनी आवळलेल्या लाकडी भांड्यांत वाइन ठेवतात, अशी नोंद थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने केली आहे. रोममधील ट्रेजनच्या स्तंभावरील शिल्पांत नावांवर चढविलेली पिंपे कोरलेली दिसतात. गॉल प्रदेशातील कारागिरांचे हे भांडे एका माणसाला आडवे घरंगळत नेता येई, मध्ये फुगीर असल्यामुळे सहज वळविता येई व पडले तरी फुटत नसे. पुढील शतकांत त्याने पश्चिम यूरोपातून मातीच्या कुंभाला हळूहळू मागे सारले. अनेक प्रकारची लाकडे वापरून पाहण्यात आली. त्यांत चेस्टनटही होते. पण घट्ट असूनही उष्णतेने वाकणारे व द्रव न झिरपू देणारे म्हणून ओक सर्वांत सोयीचे ठरले. वाइनला त्यामुळे वेगळा वास येतो हे वापरणाऱ्यांच्या लक्षात आले असणारच. परंतु नव्या पिंपाचा वास हा बराच काळ गुण मानला गेला नाही. तो निघून जावा म्हणून पिंपे वापरण्यापूर्वी पाण्याने धुऊन काढण्याची रीत होती.

बर्गंडीतील मळ्यांना शिस्त लावली ती ख्रिस्ती मठांनी. क्लूनीचा मठ ९१० मध्ये व सीतोचा मठ १०९८ मध्ये स्थापन झाला. दानात मिळालेल्या जमिनींवर मठवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केले आणि एकाच टेकडीच्या वेगवेगळ्या तुकड्यांतील वाइन वेगवेगळी उतरते हे त्यांच्या ध्यानात आले. बोन शहराच्या दक्षिणेकडील मर्सो, प्युलिन्यी व शासान्य या गावांच्या उतारांवर चुनखडीचा अंश अधिक आहे. तेथे पांढरे द्राक्ष चांगले येते. उत्तरेस शाब्ली येथे पाँतिन्यीच्या मठाने (स्थापना १११४) द्राक्षमळे जोपासले. शाब्लीची वाइन योन नदीमार्गे पॅरिसला जाई व तेथील पेठेत तिला मागणी असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने दक्षिणेकडील स्वस्त वाइन पॅरिसला आणून ओतली आणि शाब्लीचा हा व्यापार बसला.

पांढरी वाइन पिकविणे त्या काळी धोक्याचे होते. अमेरिकेचे फ्रान्समधील प्रतिनिधी टॉमस जेफर्सन (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी मार्च १७८७ मध्ये या टेकड्यांच्या कडेने प्रवास केला. पोमार व व्होल्ने या तांबड्या वाइनच्या गावांत मजूर गव्हाची पोळी खातात, तर लागूनच असलेल्या मर्सोत राय धान्याची काळी भाकर खातात, असे त्यांना दिसले. त्यांनी कारण विचारले. पांढरी वाइन तांबडीपेक्षा अधिक वेळा बिघडते व न विकता पडून राहते, त्यामुळे मालकाला मजुरांना बरे अन्न देणे परवडत नाही, असे उत्तर मिळाले. मर्सोची जमीन तांबड्या द्राक्षासाठी फार खडकाळ असल्याने गावाला दुसरा पर्यायही नव्हता. जेफर्सन यांनी नोंदविलेले भावही बोलके आहेत : मोंराशे या मळ्याच्या पांढऱ्या वाइनला दोन पिंपांच्या मापामागे १,२०० लिव्ह्र, म्हणजे सर्वोत्तम तांबड्या वाइनइतकाच भाव मिळे, मर्सोच्या उत्तमातील उत्तम वाइनला मात्र १५० च मिळत. दोन्ही ठिकाणांमध्ये जेमतेम चालत जाण्याएवढे अंतर आहे. मोंराशेचा मळा अवघा सुमारे ८ हेक्टरांचा असून तो प्युलिन्यी व शासान्य या दोन गावांच्या हद्दीत विभागलेला आहे. १८७९ मध्ये दोन्ही गावांनी त्याचे नाव आपल्या नावाला अधिकृतपणे जोडून घेतले. गावाच्या सर्वच मालाला मळ्याच्या कीर्तीचा लाभ मिळावा हा त्यामागील हेतू उघड होता.

ज्या लाकडाने पुढे या वाइनचे भाग्य पालटले ते वेगळ्याच कामासाठी वाढविलेले होते. चौदाव्या लुईचा मंत्री झां-बातिस्त कॉलबेअर याने १६६९ मध्ये वनांविषयीचा प्रसिद्ध आदेश काढला. आरमारासाठी सरळ व उंच ओक मिळावेत म्हणून मध्य फ्रान्समधील त्राँसेसारख्या जंगलांत दाट लागवड करण्यात आली. दाटीमुळे झाडे प्रकाशासाठी उंच चढत गेली व त्यांची वार्षिक वलये अतिशय बारीक पडली. ही झाडे तोडण्याजोगी होईपर्यंत जहाजे लोखंडाची झाली होती. मग ते लाकूड पिंपे बनविणाऱ्यांकडे गेले. बारीक वलयांच्या लाकडातून स्वादद्रव्ये सावकाश उतरतात, ही गोष्ट आरमारखात्याच्या गणितात अर्थातच नव्हती.

फ्रेंच ओक (क्वेर्कस पेट्रिया व क्वेर्कस रोबर या जाती) करवतीने कापून चालत नाही. तसे केल्यास लाकडातील नलिका उघड्या पडून पिंप गळते. त्यामुळे ओंडका धाग्याच्या दिशेने फोडावा लागतो व त्याचा फार थोडा भाग फळ्यांसाठी उपयोगी पडतो. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या (क्वेर्कस आल्बा) नलिका नैसर्गिक रीत्याच बुजलेल्या असल्याने तो करवतीने कापता येतो. म्हणून त्याची पिंपे बरीच स्वस्त पडतात, पण त्यांचा नारळासारखा वास शार्दोनेला सहसा जड होतो. फोडलेल्या फळ्या दोन ते तीन वर्षे उघड्यावर रचून ठेवतात. ऊन, पाऊस व बुरशी यांमुळे लाकडातील कडवट टॅनिने कमी होतात. नंतर फळ्या कड्यात उभ्या करून आत विस्तव पेटवितात व उष्णतेने त्या वाकवितात. याच वेळी पिंपाची आतील बाजू भाजली जाते. ही भाजणी किती करावी हे आता गिऱ्हाईक सांगते व कारागीर घड्याळ लावून ती करतो. पूर्वी ती केवळ फळी वाकविण्याची गरज होती. भाजण्याने लाकडातील लिग्निनाचे विघटन होऊन व्हॅनिलीन तयार होते, शर्करांपासून भाजक्या बदामाचा व कॅरॅमेलाचा वास देणारी द्रव्ये आणि अधिक तापल्यास धुराचा वास देणारे ग्वायाकॉल निर्माण होते. लवंगेचा वास देणारे युजेनॉल व नारळाचा वास देणारे लॅक्टोन ही मात्र लाकडात मुळातच असतात.

बर्गंडीचे पिंप २२८ लिटरांचे असते. त्यातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. तेथील रूढ पद्धतीत रस प्रथम टाकीत आंबवून मग पिंपात भरीत नाहीत, तर पिळून निवळलेला रस थेट पिंपातच आंबवितात. या क्रमाला महत्त्व आहे. तयार वाइन नव्या पिंपात ओतली, तर ती लाकडाचा वास भराभर शोषून घेते व फळीसारखी लागू लागते. रस पिंपातच आंबला, तर यीस्ट व्हॅनिलिनाचे रूपांतर जवळजवळ गंधहीन अशा अल्कोहॉलात करते आणि यीस्टचा साका लाकडातील काही द्रव्ये स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे लाकडाशी अधिक काळ संबंध येऊनही वाइन कमी लाकडी होते. हे रसायन विसाव्या शतकाच्या अखेरीस नीट उलगडले. बर्गंडीतील शेतकरी ते न जाणता कित्येक पिढ्या योग्य तेच करीत आले होते.

किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा साका तळाशी तसाच राहू देतात व अधूनमधून काठीने ढवळतात. त्याने वाइनला दाटपणा व पावासारखा खमंगपणा येतो. लाकडाच्या छिद्रांतून व पिंपाच्या सांध्यांतून प्राणवायू अत्यल्प प्रमाणात आत शिरतो. वाइनचा काही अंश उडूनही जातो, म्हणून पिंप वेळोवेळी काठोकाठ भरावे लागते. हिवाळा सरून तळघर उबदार झाले की, लॅक्टिक जंतू जागे होऊन हिरव्या सफरचंदातील तीव्र मॅलिक अम्लाचे दुधातील सौम्य लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात. या क्रियेत डायॲसिटिल नावाचे द्रव्य उपजते. लोण्याच्या वासाचे हे प्रमुख द्रव्य असून ते खाद्यपदार्थांना कृत्रिम लोणीस्वाद देण्यासाठीही वापरले जाते. वाइन साक्यावर राहिली तर ते पुन्हा घटते. म्हणजे लोण्याचा भडक वास हे बहुधा घाईचे लक्षण होय. काही उत्तम बर्गंडी वाइनांना नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकी वास येतो. जाणकार तो चुनखडीचा मानीत. पण त्याला बेंझिनमिथेनथायॉल हे किण्वनाशी निगडित असलेले गंधकयुक्त द्रव्य बव्हंशी कारणीभूत असल्याचे आढळले आहे. मर्सोत तळघरे खोल खणता येतात, प्युलिन्यीत भूजल वर असल्याने ती उथळ राहतात. त्यामुळे प्युलिन्यीत वाइन दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पिंपात ठेवणारे थोडे असत. दोन गावांच्या वाइनमधील जो फरक मातीचा म्हणून सांगितला जाई, त्यात या साध्या अडचणीचाही वाटा असावा. माती काहीच करीत नाही असा याचा अर्थ नव्हे. एकाच मालकाने एकाच तळघरात, एकाच कारागिराच्या पिंपांत बनविलेल्या दोन शेजारी मळ्यांच्या वाइन वेगळ्या लागतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, तो भ्रम म्हणून सोडून देता येत नाही.

फायलोक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या अमेरिकन किडीने १८७८ मध्ये मर्सोला गाठले. अमेरिकन खुंटावर कलमे बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. त्यानंतरच्या मंदीत व भेसळीच्या काळात उत्पादकांनी स्वतःच बाटल्या भरण्यास सुरुवात केली, आणि नियंत्रित नामाचा फ्रेंच कायदा १९३५ मध्ये झाला. नवी पिंपे या काळात चैनीची वस्तू होती. अनेक तळघरांत जुनीच पिंपे वर्षानुवर्षे वापरात असत व तीन-चार वेळा भरून झालेले पिंप वाइनला जवळजवळ काहीच वास देत नाही.

नव्या पिंपाला आजची प्रतिष्ठा मिळवून देण्यात कॅलिफोर्नियाचा मोठा वाटा आहे. तेथे अर्न्स्ट वेंटे याने १९१२ मध्ये माँपेल्येहून आणलेल्या काड्यांपासून लागवड केली होती. परंतु १९६० पर्यंत त्या राज्यात या द्राक्षाचे क्षेत्र काही शे एकरांपलीकडे गेले नव्हते. कागद-उद्योजक व इटलीतील अमेरिकेचे राजदूत जेम्स झेलरबाख यांना बर्गंडीची वाइन अतिशय प्रिय होती. सोनोमा येथे त्यांनी हॅन्झेल नावाचा मळा लावला, सीतोच्या मठवासीयांच्या व्हूजो येथील वास्तूच्या धर्तीवर इमारत बांधली आणि बर्गंडीहून ओकची पिंपे मागविली. त्यांचे वाइनतज्ञ ब्रॅड वेब यांनी तापमान काबूत ठेवणाऱ्या अगंज पोलादी टाक्या व शुद्ध लॅक्टिक जंतूंचा वापर यांची या पिंपांशी सांगड घातली. १९५७ ची त्यांची पहिली वाइन चाखणाऱ्यांना तिच्यात बर्गंडीची ओळख पटली. जो स्वाद परक्या मातीचा म्हणून अप्राप्य समजला जात होता, त्याचा निदान काही भाग जहाजाने आणता येतो हे त्यावरून कॅलिफोर्नियाच्या उत्पादकांना कळून चुकले.

पॅरिसमधील ब्रिटिश वाइनव्यापारी स्टीव्हन स्परिअर यांनी २४ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियाच्या सहा व बर्गंडीच्या चार शार्दोने, नावे झाकून, नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. नापा खोऱ्यातील शातो माँटेलीनाची १९७३ ची वाइन पहिली आली. ती बनविणारे माइक गर्गिच हे मूळचे क्रोएशियाचे. दुसरा क्रमांक मर्सोच्या वाइनला व तिसरा-चौथा पुन्हा कॅलिफोर्नियाला मिळाला. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रेंच समजून तिची वाखाणणी केल्याची हकीकत तेथे हजर असलेल्या एकमेव वार्ताहराने छापली. एका दुपारच्या गुणदानावरून प्रांतांची प्रतवारी लावणे शास्त्रशुद्ध नव्हे, आणि त्या वाइन तरुण असताना चाखल्या गेल्या हा फ्रेंचांचा आक्षेपही गैर नव्हता. तथापि बाटलीवरचे नाव झाकले असता तज्ञांनाही देश ओळखता येत नाही, एवढे त्या दिवशी निश्चित झाले.

त्यानंतरच्या दोन दशकांत कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियात शार्दोनेची लागवड झपाट्याने वाढली. २०१५ च्या सुमारास जगातील तिचे क्षेत्र दोन लाख हेक्टरांच्या आसपास होते. भारतातही सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात २००० नंतरच्या दशकात तिच्या बागा उभ्या राहिल्या. तेथे वेलीला बर्गंडीसारखी हिवाळी झोप मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची फळ छाटणी यांच्या आधारे फळ हिवाळ्याच्या अखेरीस काढावे लागते.

लोकप्रियतेबरोबर विकृतीही आली. गिऱ्हाइकाला व्हॅनिला व लोणी आवडते असे दिसताच तेवढेच पुरविले जाऊ लागले. २२८ लिटरांचे नवे पिंप महाग. त्याऐवजी पोलादी टाकीत ओकच्या ढलप्या टाकल्या की, काही आठवड्यांत तो वास मिळतो. यूरोपीय संघाने २००६ मध्ये या ढलप्यांना परवानगी दिली, मात्र अशा वाइनच्या बाटलीवर ‘पिंपात मुरविलेली’ असे लिहिण्यास मनाई केली. ही मनाई योग्यच म्हटली पाहिजे. ढलप्या वास देतात. पिंपातील संथ श्वसन, साक्याचा सहवास व त्यातून येणारे टिकाऊपण देत नाहीत. १९९० नंतर इंग्रजी भाषिक देशांत ‘शार्दोने सोडून काहीही’ अशी थट्टेची घोषणाच रूढ झाली. ती खरे तर द्राक्षाविरुद्ध नव्हती. त्याच्यावर चढविलेल्या साजाविरुद्ध होती. शाब्लीत अनेक उत्पादक पोलादी टाक्यांतच वाइन बनवितात. तीही शार्दोनेच, परंतु तिच्यात लिंबू, हिरवे सफरचंद व ओल्या दगडाचा भास यांखेरीज दुसरे काही नसते. ओकला कंटाळून ती मागविणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण शार्दोने पीत आहोत याची कल्पना नसते.

खुद्द बर्गंडीला याच सुमारास वेगळे संकट भोवले. १९९५-९६ पासूनच्या हंगामांतील पुष्कळ नामांकित पांढऱ्या वाइन, ज्या वीस वर्षे टिकाव्यात, त्या सात-आठ वर्षांतच तपकिरी पडून शिळ्या सफरचंदासारख्या लागू लागल्या. सदोष बुचे, गंधक डायऑक्साइडाचा कमी केलेला वापर, द्राक्षे अतिहळुवार पिळणारी नवी यंत्रे व साका वाजवीपेक्षा अधिक ढवळणे ही कारणे पुढे आली. एकाच कारणाने सर्व प्रकरणांचा उलगडा होत नाही. अनेक उत्पादकांनी ढवळणे कमी केले, नव्या पिंपांचे प्रमाण घटविले, काहींनी ५०० ते ६०० लिटरांची मोठी पिंपे घेतली. पिंप मोठे असले की लाकडाचा वाइनशी येणारा संबंध त्या मानाने कमी होतो.

बर्गंडीतील द्राक्षमळ्यांच्या नामांकित तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्या तुकड्यांची हवा मात्र पूर्वीची राहिलेली नाही. बोन शहरातील द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई, १९८८–२०१८ या काळात ती त्याहून सुमारे तेरा दिवस अलीकडे आली. फळ लवकर पिकल्याने साखर वाढते व आंबटपणा घटतो. कळ्याही लवकर फुटतात व उशिराच्या थंडीत सापडतात. एप्रिल २०२१ च्या हिमकडाक्यात पांढऱ्या द्राक्षाचे फार मोठे नुकसान झाले. त्या रात्री शेतकऱ्यांनी वेलींच्या ओळींमधून मेणाच्या हजारो शेगड्या पेटविल्या होत्या.